बेंबी सरकली असं आम्हाला वाटलं

आधी चूक सांगतो, मग आजार. आजार नशिबात होता असं म्हणून हात झटकता येतात, चुकीबद्दल तसं म्हणता येत नाही.

मी मुखेडचा. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात तीस वर्षं वॉलमन होतो. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, कुठला वॉल किती फिरवायचा, हे सगळं माझ्याकडं. पाणी उशिरा आलं की बायका माझा उद्धार करायच्या आणि वेळेवर आलं की कुणी नावही काढत नसे. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती तेव्हा हे सगळं घडलं. साखर होती, तंबाखू होती, आणि दोन्हीबद्दल कुणी बोललेलं मला खपत नव्हतं.

माझी थोरली बहीण, गंगाक्का, दोन गल्ल्या सोडून राहते. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती पंधराची. मला वाढवलं तिनंच. गाव मात्र तिला ओळखतं ते तिच्या हातासाठी. पोट दुखायला लागलं, अन्न जाईना झालं, की आमच्याकडं पहिल्यांदा म्हणतात, बेंबी सरकली. मग तो माणूस सकाळी उपाशीपोटी अक्काच्या दारात. ती त्याला सतरंजीवर उताणं झोपवते, बेंबीवर तीन बोटं टेकवते आणि आत उडणारा ठोका शोधते. ठोका बरोबर बेंबीखाली लागला तर सगळं ठीक. बाजूला लागला तर सरकली. मग तेलाच्या बोटांनी दाबून, चोळून ती तो जागेवर आणते. हे ती सासूकडून शिकली, आणि सासूनं दोन नियम घालून दिलेले. कुणाकडून काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. आणि अंगात ताप असला तर पोटाला हात लावायचा नाही. "तापाचं पोट डाक्टरचं," अक्का म्हणते.

हा दुसरा नियम मी मोडला, आणि तिला कळू न देता मोडला.

सकाळची गोळी

एका बारशाच्या जेवणानंतर मला जुलाब लागले होते. चार दिवसांत थांबले. त्यानंतर दहाबारा दिवसांनी ताप यायला लागला, थंडी वाजून. पाठीत दुखायला लागलं. मग ते दुखणं पोटात उतरलं. उताणा पडलो की पोटावर ठेवलेला मोबाईल उडताना दिसायचा. मी तो बायकोला, शोभाला, हसत हसत दाखवला.

ती हसली नाही. म्हणाली, "अवो, दवाखान्यात चला. हे बरं लक्षण न्हाई."

"बेंबी सरकली असंल. अक्काला दाखवतो."

खरं सांगायचं तर मला डॉक्टर नको होता. तो साखर तपासणार, तंबाखूवरून सुनावणार, हे मला पाठ होतं. अक्काकडं गेलं की अर्ध्या तासाचं काम. अडचण एकच होती, ताप. म्हणून पहाटे उठल्यावर मी मेडिकलमधून आणलेली तापाची गोळी घेतली. तासाभरात घाम सुटला, अंग गार पडलं. टॉवेलनं पुसून घेतलं आणि निघालो.

अक्कानं उलटा हात माझ्या कपाळाला लावला. "ताप हाय का रं?"

"न्हाई."

"मग आंग वलं कामून?"

"चालत आलो की."

दोन गल्ल्या चालून कुणाला घाम येतो? पण तिनं मानलं. मी तिच्याशी खोटं बोलेन हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं ठोका शोधला, तो डावीकडं लागला, तिनं दाबून चोळून दिलं. मला बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी, पुन्हा अक्का.

तिसऱ्या दिवशी तिनं तीन बोटं ठेवली. मग चार ठेवली. मग अख्खा तळवा ठेवला आणि तशीच बसून राहिली. तव्याला हात लागल्यावर काढतात तसा तिनं एकदम हात काढला.

"दिगू, ऊठ. हे बेंबीचं न्हाई."

"मग कशाचं?"

"मला ठाव न्हाई. चाळीस वर्सं हात लावून राहिले, असला ठोका कवा लागला न्हाई. रुंद हाय. दोन्ही अंगानं बोटं भाईर ढकलून राहिला. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जायाचं."

"आज बाजार हाय अक्का. उद्या जातो."

तिनं चपला घातल्या, माझं मनगट धरलं आणि शाळेत न जाणाऱ्या पोराला नेतात तसं मला घरी घेऊन आली. दारातूनच शोभाला म्हणाली, "ह्याला गाडीत घाल. म्या बी येते."

आतली लाईन

आधी गावातच सोनोग्राफी केली. ते डॉक्टर सुरुवातीला माझ्याशी पाण्याच्या टाकीबद्दल गप्पा मारत होते. मग मध्येच गप्प झाले. पडदा स्वतःकडं वळवून घेतला आणि विचारलं, "कुणी पोट दाबलं होतं का?"

शोभानं सांगितलं, दोन दिवस अक्कांनी दाबलं. अक्का तिथंच भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टर म्हणाले, आता कुणीही हात लावायचा नाही, मी सुद्धा लावणार नाही, ताबडतोब निघा.

नांदेड की लातूर यावर पाच मिनिटं घालवली. जिल्हा आमचा नांदेड, पण आमची एकुलती एक मुलगी वर्षा लातूरला असते. लातूर ठरलं. रस्त्यात प्रत्येक गतिरोधकावर ड्रायव्हर मागं वळून माझ्याकडं बघायचा. मी त्याला म्हटलं, बाबा, तू पुढं बघ, माझं मी बघतो.

लातूरला सी.टी. झाला आणि संध्याकाळी सर्जन खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले. डॉक्टर बसला की समजावं, गोष्ट मोठी आहे. हृदयापासून खाली पोटात येणारी जी मुख्य रक्तवाहिनी असते, ती माझ्या बेंबीच्या मागं फुगली होती. नुसती फुगली नव्हती, तिच्या भिंतीत जंतू शिरले होते आणि भिंत आतून नासत चालली होती. साखर आणि तंबाखूनं ती आधीच खराब झालेली असावी आणि त्या जुलाबातले जंतू रक्तातून जाऊन तिथं बसले असावेत, असा त्यांचा अंदाज. पुढं रक्त तपासल्यावर तो खरा निघाला.

"फुटली तर?" मी विचारलं.

"तर ऑपरेशनच्या टेबलापर्यंत न्यायलाही वेळ मिळत नाही."

मी आयुष्यभर गळती काढलेला माणूस. म्हटलं, "साहेब, वरून क्लॅम्प मारून भागणार नाही का?"

ते हसले. "कुजलेल्या पाईपवर क्लॅम्प बसतो का?"

"न्हाई बसत."

"मग?"

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आधी काही दिवस इंजेक्शनं देऊन जंतूंचा जोर कमी करायचा. मग ऑपरेशन. जिथं जंतू आहेत तिथं नवीन नळी टाकली तर तीही नासू शकते. म्हणून उजव्या खांद्याजवळच्या रक्तवाहिनीतून एक नळी काढायची, कातडीखालून बरगड्यांच्या कडेनं खाली जांघेत आणायची आणि दोन्ही पायांना जोडायची. ती चालू झाली, पाय गरम राहिले, की मगच पोट उघडायचं, जुनी वाहिनी वरून बंद करायची आणि नासलेला भाग काढून टाकायचा.

हे मात्र मला बरोबर समजलं. आधी नवी लाईन चालू, मग जुनी बंद. उलटं केलं तर गल्ली कोरडी राहते. त्या माणसावर माझा विश्वास बसला तो तिथं. पुढचंही त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, "यातून सगळेच उठत नाहीत. जीव जाऊ शकतो, पाय जाऊ शकतो. नाही केलं तर मात्र जाणार हे नक्की." शोभानं माझा अंगठा घट्ट धरला होता. अंगठाच का, कोण जाणे.

मी डोळे मिटले

सर्जन गेल्यावर वर्षाचा बांध फुटला. ती दिवसभर फॉर्म भरत, धावत होती, रडायला तिला सवडच मिळाली नव्हती. ती अक्काकडं वळली.

"आत्या, तुम्ही दाबलंच कशाला? डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना? फुटली असती ती. तुमच्या हातानं बाबा गेले असते."

अक्कानं माझ्याकडं बघितलं.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मला ताप होता, मी लपवला, गोळी खाऊन गेलो. एवढंच. पण मी घाबरलेलो होतो. आता मरायचंच असेल तर मुलगी आपल्यावर चिडलेली नको, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला ही सोय फार चांगली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं अक्का मुखेडला निघून गेली.

करदोडा

ऑपरेशनच्या दिवशी अंगावरचं सगळं काढायचं असतं. अंगठी, माळ निघाली. राहिला कमरेचा काळा करदोडा. सिस्टरनं कात्री घेतली आणि शोभानं तिचा हात धरला.

"तोडू नका बाई. सोडवा."

आमच्याकडं पुरुषाचा करदोडा तोडतात ते माणूस गेल्यावरच. गाठ कित्येक वर्षांची, घामानं दगड झालेली. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, आजी, वेळ नाही. ही देगलूरची होती, अर्धी तेलुगू वळणाची मराठी बोलायची. तिनं घड्याळाकडं बघितलं, इंजेक्शनची सुई घेतली आणि पलंगावर बसून एकेक पदर उकलायला लागली. "मामा, माझ्या बापाचा पण असाच होता, काळा कुट्ट," म्हणाली. दहा मिनिटं लागली. मग करदोडा पट्टीच्या कापडात गुंडाळून शोभाच्या हातात दिला.

त्या ऑपरेशनवर किती जण राबले असतील. माझ्या डोळ्यांसमोर मात्र अजून ती सुई येते.

ठोका गेला कुठं

शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी, गळ्यात नळी, लघवीला नळी. आयुष्यभर दुसऱ्यांना पाईपलाईन जोडल्या, त्याची फेड. दर तासाला कुणीतरी येऊन माझे पाय चाचपायचं. पायांवर पेनानं फुल्या मारल्या होत्या, तिथं छोटं यंत्र टेकवलं की आत रक्त वाहण्याचा सूं-सूं आवाज यायचा. नळाला पाणी येण्याआधी हवा येते तसा. डाव्या पायाची फुली पहिले दोन दिवस रुसलेली होती. पाय वाचला, पण करंगळी काळी पडली आणि पुढं काढावी लागली. सगळा हिशेब बघता देव स्वस्तात राजी झाला असं मी म्हणतो. शोभाला ते आवडत नाही.

चौथ्या दिवशी, दुपारी, आजूबाजूला कुणी नसताना मी पट्टीच्या कडेनं बेंबीवर बोटं ठेवली. ठोका नव्हता. वर बघितलं, खाली बघितलं, नाही. आपण गेलो आहोत आणि अजून कुणी सांगितलेलं नाही, अशी माझी क्षणभर खात्रीच पटली. बेल दाबली. देगलूरची सिस्टर आली, तिनं ऐकून घेतलं आणि माझा हात धरून उजव्या बरगड्यांवर ठेवला. कातडीखाली बोटाएवढी नळी होती आणि ती धडधडत होती. मी रडलो. तिनं पाठ फिरवून सलाईनची बाटली बघत असल्याचं सोंग केलं.

इंजेक्शनं सहा आठवडे चालली. दवाखान्यातले दिवस असे असतात की सकाळी सहाला बी.पी., सातला इंजेक्शन, आठला बिनसाखरेचा चहा, आणि मग दुपारपर्यंत शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या सुनेची निंदा. भीती दिवसातून दोनदा यायची, एकदा ड्रेसिंगच्या वेळी आणि एकदा ताप मोजताना. थर्मामीटर काखेत असेपर्यंत मी देवाचं नाव घेत होतो. ज्या तापाला मी गोळी घालून गप्प बसवलं होतं, त्याच्याच पाया पडत होतो.

मुखेडहून शोभानं खबर आणली. अक्कानं लोकांच्या पोटाला हात लावणं सोडलं होतं. सकाळी माणसं यायची, बसायची, ती दार उघडायची नाही. म्हणते, माझ्या हाताला पाप लागलं.

मी सर्जनना विचारलं, "माझ्या बहिणीच्या दाबण्यानं वाढलं का हे?"

"दाबायला नकोच होतं," ते म्हणाले. "पण तिसऱ्या दिवशी त्यांनी हात काढला नसता तर तुम्ही आज इथं नसता. दोन्ही खरं आहे." मग फाईलमधून मान वर करून म्हणाले, "पण एवढा ताप असताना त्यांनी हात लावला कसा? त्यांच्या लक्षात नाही आला?"

वर्षा शेजारी मोसंबी सोलत होती. मी तिच्याकडं न बघता सांगितलं. गोळी, घाम, टॉवेल, सगळं. तिन्ही दिवसांचं.

सर्जननी फाईल मिटली आणि पुढच्या पलंगाकडं गेले. वर्षाचे सोलणारे हात थांबले.

"आत्याला मी काय काय बोलले, बाबा," ती म्हणाली. "आणि तुम्ही ऐकत होता."

"हाव."

अर्धवट सोललेली मोसंबी तिनं ताटलीत ठेवली आणि उठून बाहेर गेली. दोन दिवस ती आली, डबा दिला, गोळ्या दिल्या, पण बोलली नाही. मला ते ऑपरेशनच्या टाक्यांपेक्षा जास्त दुखलं आणि ते दुखायलाच हवं होतं.

अक्काच्या दारात

सुट्टी मिळाली तेव्हा गाडी आधी आपल्या घरी न नेता अक्काकडं घ्यायला सांगितलं. वर्षा सोबत होती. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, पण पुढं आली नाही. निम्मी झाली होती.

वर्षा आधी तिच्या पाया पडली. मी काठी टेकत उभाच राहिलो. बसलो असतो तर पुन्हा धीर झाला नसता.

"अक्का, मला ताप होता. तिन्ही दिस. गोळी खाऊन आलतो."

तिनं माझ्याकडं एकटक बघितलं. "म्या इचारलं होतं तुला."

"हाव."

"न्हाई म्हनलास."

"हाव."

"आन् तिथं दवाखान्यात, ही पोरगी बोलून राहिली तवा?"

"डोळे मिटून घेतले म्या."

ती आत निघून गेली. भांड्यांचा आवाज आला, मग पाण्याचा. आता ती बाहेर येत नाही असं मला वाटलं, आणि आली नसती तरी तिचं चुकलं नसतं. थोड्या वेळानं ती ओले हात पदराला पुसत आली. सतरंजी टाकली.

"पड."

वर्षा "आत्या..." म्हणाली, तर तिनं हातानंच गप्प केलं. "दाबत न्हाई गं. नुसती बोटं ठिवते."

मी उताणा पडलो. तिनं बेंबीवर तीन बोटं ठेवली, पिसासारखी हलकी. थांबली. बोटं सरकवली, पुन्हा थांबली. तिचा चेहरा बघवेना. मी तिचा हात धरला आणि शर्टाखालून उजव्या बरगड्यांवर नेऊन ठेवला.

तिथं तो होता. तिनं डोळे मिटले. किती वेळ मोजत होती कुणास ठाऊक, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ हलत होते.

"हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई गेल्यावर तापात तुला मांडीवर घिऊन बसत होते, तवा तुला खोटं बोलता येत नव्हतं."



आता एक वर्ष झालं. जंतूंची गोळी अजून रोज एक चालू आहे, आणि कदाचित जन्मभर राहील. उजव्या कुशीवर झोपायचं नाही, कमरेला घट्ट काही बांधायचं नाही. करदोडा कपाटात आहे, त्याच पट्टीत. तंबाखू सुटली, अधूनमधून स्वप्नात खातो. ज्यांना हे दुखणं निघालं असेल त्यांना सांगतो, पाय गरम राहिले आणि ताप उतरला तर पुढचं सगळं हळूहळू होतं. भूकही परत येते, चिडचिडही परत येते. आणि पोटात ठोका उडत असेल, सोबत ताप असेल, तर कुणाचाही हात लावून घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरकडं जा.

अक्काच्या दारात सकाळी पुन्हा माणसं बसतात. ती आता कुणाचं पोट दाबत नाही. नुसती बोटं ठेवते, आणि जरा वेगळं लागलं की दवाखान्यात पाठवते. काही लोक नाराज होऊन जातात. बोटं ठेवण्याआधी मात्र ती प्रत्येकाला, लहान असो की मोठा, एकच प्रश्न विचारते. मी बहुतेक सकाळी तिथं ओट्यावर चहा पीत बसलेलो असतो, आणि विचारताना ती माझ्याकडं बघत नाही.

"गोळी खाऊन आलास का?"